ओढेल की!

आपल्या आयुष्यातले निम्मे निर्णय 'ओढेल की!' या दोन शब्दांवर होतात. स्कूटरवर नवरा, बायको, दोन मुले आणि पायांच्या मध्ये गॅसचा सिलिंडर. 'ओढेल की!' वऱ्हाडाच्या ५० आसनी गाडीत ७२ माणसे, वर रुखवताचे खोके. 'ओढेल की!' पगार चाळीस हजार आणि हप्ते एकोणतीस हजारांचे. 'ओढेल की!' यातल्या तिसऱ्या 'ओढेल की'शी माझा रोजचा संबंध येतो, कारण मी बँकेत कारकून आहे आणि जे पुढे ओढले गेले नाही, त्याच्या फायली माझ्याच टेबलावर येऊन बसतात.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. 'ओढेल की!' असे म्हणणारा माणूस स्वतः ओढणारा बहुधा नसतो. बैलाने असे उद्गार काढल्याचे अजून कोणी ऐकलेले नाही.

हा वाक्प्रचार आपल्याच मातीतला, अशी माझी समजूत होती. पण त्यालाही व्हिसा मिळालेला आहे. आमच्या आक्काचा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हरला असतो. इंजिनिअर आहे. त्याने गेल्या वर्षी 'ट्रॅव्हल ट्रेलर' घ्यायचे मनावर घेतले. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, न्हाणीघर, सगळे काही. नाही ते फक्त इंजिन. आपण घराला कंटाळून प्रवासाला निघतो. तिकडचे लोक घर मागे बांधूनच निघतात. आणि ते ओढायला लागते पिकअप.

आपल्याकडे पिकअप म्हटली की टोमॅटोची क्रेट्स किंवा गणपतीची मिरवणूक डोळ्यांपुढे येते. तिकडे ती घरची गाडी असते, तीही आपल्या बैठकीच्या खोलीएवढी. भाच्याकडे आहे तिला 'हाफ-टन' म्हणतात. फार पूर्वी अशा गाड्या अर्धा टन वाहायच्या, तेव्हाचे हे नाव. गाडी वाढली, नाव तेवढेच राहिले. लहानपणी 'छोटू' म्हणून हाक मारलेला मुलगा पुढे नव्वद किलोचा झाला तरी छोटूच राहतो, त्यातलाच प्रकार.

"मामा, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय, माझी गाडी ५,००० किलो ओढते. ट्रेलर तीस फुटी आहे, सगळं सामान भरून ३,८०० किलो. म्हणजे अजून बाराशे किलो शिल्लक! विक्रेता म्हणाला, तुम्हाला मागे काही आहे असं जाणवणारसुद्धा नाही."

मी बी.कॉम. आहे. वजाबाकी बरोबर आहे, एवढे मला कळले. पण बँकेत वीस वर्षे काढल्यावर माणूस एक गोष्ट शिकतो. ठळक अक्षरांत छापलेला आकडा हा बोलावण्यासाठी असतो. बारीक अक्षरांतला थांबवण्यासाठी. मी त्याला गाडीचे माहितीपुस्तक पाठवायला सांगितले. इंजिनिअर लोक माहितीपुस्तक वाचत नाहीत. तो त्यांना आपल्या शिक्षणाचा अपमान वाटतो. आम्हा कारकुनांना असला अभिमान परवडत नाही. मी तीन संध्याकाळी बसून अटी आणि शर्तींसकट ते वाचून काढले.

पहिली गोष्ट कळली ती त्या ५,००० किलोंची. पूर्वी प्रत्येक कंपनी असे आकडे आपापल्या पद्धतीने ठरवत असे. म्हणजे तारणाच्या सोन्याचे मूल्यांकन कर्जदारानेच करण्यासारखे. मग एस.ए.ई. या तिकडच्या अभियंत्यांच्या संस्थेने जे-२८०७ या नावाची एकच कसोटी तयार केली. टोयोटाने ती २०११च्या गाड्यांपासून स्वीकारली आणि पुढच्या काही वर्षांत इतर मोठ्या कंपन्याही आल्या. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ सुमारे ११ मैलांचा एक खडा चढ आहे, तो या परीक्षेचा नमुना. परीक्षा कडक आहे, यात वाद नाही. पण परीक्षेला बसताना गाडीत असतात चालक आणि एक सोबती, प्रत्येकी ६८ किलोंचे. लग्नाआधीचा हिशेब म्हणून हा ठीक आहे. आमचा भाचा आता ८५ किलोंचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर एक छोटे लेबल चिकटवलेले असते. माणसे आणि सामान मिळून या गाडीच्या अंगावर जास्तीत जास्त किती वजन पडावे, ते त्यावर लिहिलेले असते. ते त्या जातीच्या गाड्यांचे सर्वसाधारण वजन नव्हे. त्याच एका गाडीचे, कारखान्यातून निघतानाचे. भाच्याने दार उघडून फोटो पाठवला. ६७० किलो.

आमच्या कॅश क्रेडिट खात्यात नेमके हेच असते. मंजूर मर्यादा पाच लाख. पण गोदामातला माल मोजून, त्यातून मार्जिन वजा जाऊन जी उचल निघते, ती तीनच लाख. व्यापारी गावभर पाच लाख सांगत फिरतो. आम्ही तीनच देतो. पुस्तिकेतला आकडा म्हणजे मंजूर मर्यादा आणि दाराच्या चौकटीवरचा म्हणजे उचल. दोन्हींपैकी जो कमी, तोच खरा.

"पण मामा, ट्रेलर काय गाडीत बसणार आहे? तो आपल्या चाकांवर चालणार!"

इथे मला आजोळची बैलगाडी आठवली. गाडीचा भार चाकांवरच असतो, पण थोडा जुवावर, म्हणजे बैलांच्या मानेवर यावाच लागतो. सगळे पोते मागे रचले की गाडी उलाळते, दांडी वर उठते आणि बैल ओढण्याऐवजी लोंबकळू लागतात. म्हणून गाडीवान उठून पुढे सरकून बसायचा. ट्रेलरचेही तसेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या पाठीवर यावा लागतो. त्याहून कमी आला, तर ट्रेलर रस्त्यावर शेपटीसारखा डुलू लागतो; शेजारून एखादा मोठा ट्रक वाऱ्याचा झोत टाकून गेला की हे डुलणे वाढत जाते आणि मग शेपूटच कुत्र्याला हलवू लागते. जास्त आला, तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाके हलकी होतात आणि चाक फिरवले तरी गाडी ऐकेनाशी होते.

या १० ते १५ टक्क्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. दुसऱ्याचा किती भार आपण अंगावर घ्यावा, हा प्रश्न मोठमोठ्या माणसांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे. पण टक्केवारीत उत्तर मी प्रथमच पाहिले. काही लोक संस्थेचे, मंडळाचे, बहिणीच्या लग्नाचे पुढारपण करतात आणि भार मात्र अंगाला लागू देत नाहीत. त्यांच्या मागे सगळे डुलत असते. उलट काही सगळेच स्वतःवर घेतात. मागून दबून जातात आणि कुठे वळायचे, हेच त्यांच्या हातात राहत नाही. आमची आक्का दुसऱ्या प्रकारातली. ही आक्का तेव्हा सहा महिन्यांसाठी मुलाकडेच गेलेली होती आणि या प्रवासाला तिलाही न्यायचे होते.

मी हिशेब मांडला. ३,८०० किलोंचे १३ टक्के, ४९४ किलो. जोडणीचा लोखंडी सांगाडा ४५. भाचा ८५, सूनबाई ६०, दोन मुले मिळून ६०.

"आक्काचं वजन किती?"

"माझ्या वजनाशी काय करायचंय तुला?" पडद्याच्या बाहेरून आवाज आला. सत्तर धरले. सायकली, जनरेटर, बर्फाची पेटी, घडीच्या खुर्च्या मिळून १००. बेरीज ९१४. लेबलावर ६७०. उणे २४४, तेही ट्रेलर पुस्तिकेच्या आकड्याहून बाराशे किलोंनी हलका असताना.

भाच्याने तीन मुद्दे काढले. पहिला, भार विभागणारी जोडणी. तिच्यात स्प्रिंगच्या दांड्या असतात; त्या मागे पडलेला भार थोडा पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्याच चाकांवर ढकलतात. वस्तू उत्तम आहे आणि ती हवीच. पण तिने लेबलावरचा आकडा वाढत नाही. आम्ही कर्जाचे हप्ते नव्याने बांधून देतो, तेव्हा कर्जदार पेढे घेऊन येतो. कर्ज तेवढेच असते, हे त्याला पुढच्या महिन्यात कळते.

दुसरा मुद्दा, "किती तरी लोक असंच नेतात, काही होत नाही." हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकतो. थकेपर्यंत प्रत्येक खाते नियमितच असते.

तिसरा मुद्दा मात्र खरा कठीण होता. "मामा, गाडी माझी, माणसं माझी, धोका माझा. कोणाचं काय जातं?"

इथे जरा त्या रस्त्याची कल्पना द्यायला हवी. डेन्व्हरच्या पश्चिमेला डोंगरात आयसेनहॉवर बोगदा आहे. पहिला मार्ग १९७३ साली सुरू झाला, दुसरा १९७९ साली. उंची ११,००० फुटांवर. तिथून साठेक मैलांत रस्ता जवळजवळ ६,००० फूट उतरून डेन्व्हरला येतो. आपल्या बोरघाटासारखे तीन घाट एकाखाली एक ठेवल्यासारखे. कोलोरॅडोच्या अशा घाटांत मोठ्या उतारांवर रस्त्याच्या कडेला चढाचे, खडीने भरलेले फाटे ठेवलेले असतात. ज्या ट्रकचे ब्रेक गेले, त्याने त्यात घुसावे आणि रुतून थांबावे म्हणून. चढ चढताना जास्तीचे ओझे फार तर इंजिन तापवते. उतरताना तेच ओझे मालक होते. आता ते गाडीला ओढत नाही, ढकलते. आणि ढकलते कोणावर? पुढच्या छोट्या गाडीतल्या माणसावर. त्याने ती पुस्तिका पाहिलेली नाही. विक्रेत्याने त्याला काही सांगितलेले नाही. त्याच्या मागच्या सीटवर एखादे मूल झोपलेले असेल. धोका पत्करायला धैर्य लागते, हे मान्य. पण दुसऱ्याच्या खात्यातून धैर्य काढायला सहीसुद्धा लागत नाही, ही त्यातली गोम आहे. कर्जाला निदान जामीनदार सही करतो. रस्त्यावरचा माणूस सही न करता आपला जामीनदार झालेला असतो.

"म्हणजे ती मर्यादा तुझी नाहीच," मी म्हटले. "दार तुझं असेल. पण त्या चौकटीवरचा आकडा त्या पुढच्या माणसाचा आहे."

भाचा गप्प झाला. आणि तेवढ्यात पडद्याबाहेरून आक्का म्हणाली, "अरे, एवढं काय त्यात! मी नाही येत. मी घरी राहीन, तुम्ही जाऊन या."

सत्तर किलो कमी झाले असते. हिशेबाने तरीही जमत नव्हते, ते सोडा. पण ओझे कमी करायची वेळ आली की पहिले नाव तक्रार न करणाऱ्याचे निघते, आणि बहुधा ते त्यानेच काढलेले असते. जनरेटर काही बोलला नाही. सायकली बोलल्या नाहीत. तीस फुटी ट्रेलरमधली पाच फुटी पलंगाची हौसही गप्प राहिली. उतरायला तयार झाली ती आई. एरवी शांत असणारी सूनबाई तेव्हा पुढे आली आणि म्हणाली, "मामा, पलंग लहान चालेल, असं मी आधीपासून म्हणतेय. आईंना आम्ही नेणारच."

ट्रेलर आला तो एकवीस फुटी, भरून २,१०० किलोंचा. दांडीचा भार २७३, सांगाडा ४५, माणसे २७५, आक्का धरून. बेरीज ५९३. शिल्लक ७७ किलो. विमानात आक्काने नेलेल्या २३-२३ किलोंच्या दोन बॅगा, त्यातल्या पापड-मसाल्यासकट, त्यात बसल्या आणि वर ३१ किलोंचे मार्जिन उरले. जनरेटर शेजाऱ्याला गेला.

निघण्यापूर्वी भाच्याने ट्रकथांब्यावरच्या काट्यावर सगळे वजन करून घेतले. तिकडे पुढची चाके, मागची चाके आणि ट्रेलरची चाके असे वेगवेगळे मोजून पावती देतात. एकूण वजन बरोबर असूनही ते भलत्या जागी पडत असेल, तर तेही कळते. सुरक्षिततेच्या साखळ्या दांडीखाली फुलीसारख्या घालतात, म्हणजे जोडणी निसटलीच तर दांडी रस्त्यावर न पडता साखळ्यांच्या झोळीत पडते. एक बारीक तारही असते. ट्रेलर पूर्ण सुटला तर तिचा खटका ओढला जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे सुटून जाणाऱ्याने शेवटची जबाबदारी स्वतः घ्यायची. आणि ट्रेलर डुलू लागला तर काय करावे, हे तर मला प्रत्येक घराच्या दारावर लावावेसे वाटते. वेग वाढवू नये, गाडीचा ब्रेक दाबू नये, चाक सरळ धरावे, पाय उचलून घ्यावा आणि मागच्याचा ब्रेक तेवढा हाताने हळूच लावावा. आमच्याकडे सून, सासू आणि जावई एकाच वेळी डुलू लागले की सगळे नेमके उलट करतात.

आपल्याकडे हमरस्त्यावर अशा काट्याच्या दारात 'धर्मकाटा' अशी पाटी दिसते. पूर्वी मला ती अतिशयोक्ती वाटायची. उसाचे वजन आणि धर्म यांचा संबंध काय? आता वाटते, पाटी रंगवणाऱ्याला आमच्यापेक्षा अधिक कळत होते. धर्म म्हणजे फार काही अवघड नसावे. आपल्यावर किती आहे, ते कुठे पडते आहे आणि घसरले तर कोणावर जाईल, हे निघण्यापूर्वी मोजून घेणे. 'ओढेल का?' या प्रश्नाचे उत्तर इंजिन देते, आणि इंजिन बिचारे नेहमी हो म्हणते. विचारायचा प्रश्न 'थांबेल का?' हा आहे. त्याचे उत्तर काट्यावरच मिळते. तिथे वजन खरे सांगावे लागते. आक्कालासुद्धा.