गोळी, मेथी आणि कारल्याचा रस

पुण्या-मुंबईत सकाळी बागांबाहेर कारल्याचा, दुधीचा, आवळ्याचा रस मिळतो. पिणाऱ्यांत बरेचजण शुगरचे. घरी रात्री मेथीदाणे भिजत घातलेले असतात, डब्यात जांभळाच्या बियांची भुकटी असते आणि जेवणाआधी डॉक्टरांची गोळीही असते. दवाखान्यात मात्र नाव फक्त गोळीचं निघतं. मागे कधी रसाचा विषय काढला तेव्हा डॉक्टर हसले होते, नाहीतर चिडले होते. तेव्हापासून तो काढायचाच नाही असं ठरून गेलेलं.

मला ही चोरी रसापेक्षा जास्त घातक वाटते. औषधाला आपण मात्रा देतो, वेळ देतो. घरच्या उपायाला यातलं काहीच देत नाही आणि वर त्याच्यावर श्रद्धा असल्याचं सांगतो. ज्याचा गुण येतो, त्याचा त्रासही होऊ शकतो. १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या एका मधुमेही बाईंची नोंद आली होती. क्लोरप्रोपामाइडची गोळी चालू असताना त्यांच्या जेवणात कारलं होतं आणि दोघांचा परिणाम एकत्र झाला होता.

ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. माणूस जेवला आहे की नाही, हे ती पाहत नाही. त्यावर उपाशीपोटी कारल्याचा रस घेतला आणि नाश्ता लांबला, तर साखर सत्तरच्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, हातपाय थरथरणं, डोळ्यांपुढे अंधारी. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला हा धोका बराच कमी. म्हणजे शेजाऱ्याला मानवलेला रस आपल्याला मानवेलच असं नाही. मेथीतला बुळबुळीत तंतू आतड्यातून साखर सावकाश शोषू देतो, हा तिचा गुणच; पण गोळी त्याच घोटाबरोबर घेतली तर तिचंही शोषण लांबू शकतं.

दुधीचं प्रकरण वेगळं आणि जास्त गंभीर. कडू दुधीत विषारी द्रव्यं असतात. २०१० साली दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यावर एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला. कारल्याच्या कडूपणात दुधीचा कडूपणा कळतच नाही, म्हणून दुधीची फोड रस काढण्याआधी चाखायलाच हवी आणि कडू लागली तर अख्खा दुधी फेकायला हवा.

वनस्पती एका बाजूला आणि रसायन दुसऱ्या बाजूला, ही मांडणीच मला पटत नाही. १९५७ साली जाँ स्टर्न यांनी मधुमेहावर पुढे आणलेल्या मेटफॉर्मिनचं मूळही युरोपातल्या गॅलेगा या औषधी वनस्पतीच्या अभ्यासात आहे.

डॉक्टरांनी ‘सकाळी उठल्यावर काय काय घेता?’ असं न हसता विचारावं आणि ‘कारल्याचा रस, एक कप, उपाशीपोटी’ असं केसपेपरवर लिहावं. घरच्या मशीनवर एक दिवस आकडा चांगला आला म्हणून आपल्या मनाने अर्धी गोळी करू नये. ते मशीन त्या क्षणाची साखर दाखवतं, एचबीएवनसी ही रक्ततपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची. डोस उतरायचाच असेल तर तो हे आकडे आणि रसाची नोंद दोन्ही समोर ठेवून डॉक्टरांनी उतरवावा.