गर्भ राहिला नाही, दोष कोणाचा?



धम्मात आलेल्या आपल्या घरांतून मरीआई गेली, म्हसोबा गेला, गळ्यातले ताईत गेले. परंतु एखाद्या सुनेचा दोन-तीन महिन्यांचा गर्भ पडला की ही मंडळी मागल्या दाराने परत येतात. कोणी म्हणते बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणते ग्रहणात भाजी चिरली. शेवटी एखादी वडीलधारी बाई सुस्कारा टाकते, "मागल्या जन्माचं काही असेल, दुसरं काय!" हे वाक्य सर्वांत सौम्य वाटते. माझ्या मते तेच सर्वांत क्रूर आहे. कारण बाधा उतरवता येते म्हणतात, पण मागच्या जन्माचे पाप त्या बाईने कोठे जाऊन फेडावे?

प्रथम घडते काय ते पाहू. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे असतात, 23 आईकडून आणि 23 बापाकडून आलेली. हा आकडा त्जियो आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी 1956 साली जगापुढे ठेवला. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेच हे वर्ष. बीज तयार होताना 46 ची बरोबर निम्मी वाटणी व्हावी लागते. कधी ती चुकते. एखादे गुणसूत्र जास्त जाते, एखादे कमी पडते. अशा बीजापासून झालेला गर्भ बहुधा वाढू शकत नाही. 16 क्रमांकाची गुणसूत्रे सर्व पेशींत दोनऐवजी तीन झाली तर तो गर्भ जगतच नाही.

हे क्वचित घडते काय? मुळीच नाही. निश्चित झालेल्या दर 100 गर्भधारणांत साधारण 10 ते 20 आपोआप संपतात, बहुतेक पहिल्या 12 आठवड्यांत. या सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा बिघाड सापडतो. त्याही आधी, फलन झाल्यावर सहा-सात दिवसांनी गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजू लागतो, तेथे असे कित्येक गर्भ रुजतच नाहीत. पाळी चार दिवस पुढे गेली एवढेच बाईला कळते, पुष्कळदा तेवढेही नाही.

स्त्रीबीजाची ही वाटणी ती स्वतः आपल्या आईच्या पोटात असतानाच सुरू होते, मध्येच थांबते, आणि बीज पक्व होताना पुढे सरकते. म्हणजे 38 वर्षांच्या बाईचे बीज 38 वर्षे थांबलेले असते. गुणसूत्रांना धरून ठेवणारे बंध तोवर सैल होतात. म्हणून पस्तिशीनंतर चूक वाढते. ही चूक बहुधा गर्भ राहण्यापूर्वीच झालेली असते. नंतर तिने पाण्याचा हंडा उचलला की नाही, याने ती होत नाही आणि पुसलीही जात नाही.

वारंवार गर्भ पडणाऱ्या जोडप्यांत आणखी एक गोष्ट आढळते. अशा दर 100 जोडप्यांपैकी सुमारे तीन ते पाच जोडप्यांत नवरा किंवा बायको यांपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत जागा बदलून बसलेले असतात. माल सगळा असतो, फक्त मांडणी वेगळी. म्हणून ती व्यक्ती धडधाकट असते. पण तिच्या बीजात माल कमी-जास्त जाऊ शकतो. विदर्भातील वाचकांना सिकलसेलमुळे 'वाहक' हा शब्द ठाऊक आहे. निरोगी दिसणारा माणूसही वाहक असतो. येथेही तसेच, आणि तो वाहक पुरुषही असू शकतो. मग तपासणी एकट्या सुनेचीच का?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ, असे म्हणणाऱ्यांविषयी त्याने तथागतांना विचारले. तथागतांनी पित्त, कफ, वात, त्यांचा एकत्र प्रकोप, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी कारणे एकेक करून सांगितली. कर्मविपाक हे त्यांतले आठवे. सर्व काही पूर्वकर्मानेच होते म्हणणारे लोक अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असा त्यांचा निर्वाळा होता.

कोणी चतुर माणूस विचारील, आठवे कारण तरी उरलेच ना? उरले. पण तथागतांनी कर्म कशाला म्हटले? चेतनेला, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या कृतीला. गुणसूत्रांच्या वाटणीत कोणाची चेतना होती? त्या बाईने काही ठरवले नाही, तिच्या नवऱ्यानेही नाही. जेथे हेतू नाही तेथे अपराध नाही. अपराध नाही तेथे शिक्षा कशाची? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माची कल्पना आनुवंशिकतेच्या शास्त्रावर घासून पाहिली आणि नाकारली. गरिबाच्या स्थितीची जबाबदारी समाजाला टाळता यावी, एवढाच त्या कल्पनेचा उपयोग, हे त्यांनी ओळखले होते. "तुमचेच मागचे पाप" हे वाक्य आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. तेच आपण आपल्या सुनेला ऐकवायचे काय?

येथे आणखी एक धोका सांगितला पाहिजे. पूर्वकर्म सोडले आणि त्या जागी 'हिच्या रक्तातच खोट आहे' असे म्हटले, तर आपण केवळ शब्द बदलला. जन्माने आलेल्या गोष्टीवरून माणसाला हिणवणे कोणत्या व्यवस्थेचा धंदा होता, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जनुकाची माहिती इलाजासाठी आहे. तिचा दुसऱ्या लग्नाची बोलणी करण्यासाठी उपयोग करणारा विज्ञाननिष्ठ नव्हे.

मग करावे काय? दोन वेळा असे घडले तर दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. गुणसूत्रांची रक्ततपासणी दोघांचीही करता येते. थायरॉइड, मधुमेह, रक्त गोठण्याचा विकार, गर्भाशयाची रचना ही इतर कारणेही पाहावी लागतात. त्यांतील काहींवर चांगला इलाज आहे. सुमारे निम्म्या जोडप्यांत तपासूनही कारण सापडत नाही. सापडले नाही याचा अर्थ देवऋषी बरोबर होता असा होत नाही. पुढे अशा अनेकांना निरोगी मूल होते. नोकरी करणाऱ्या भगिनींनी हेही लक्षात ठेवावे की प्रसूती लाभाच्या कायद्याने, तो जेथे लागू आहे तेथे, गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळते.

आणि घरात? तिला विश्रांती द्या. तिचे दुःख "अजून वय आहे" म्हणून उडवून लावू नका. तिच्यापुरते ते मूल आलेले होते. शेजारच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणे पाठवा, यायचे की नाही ते ती ठरवील. गर्भ का पडला यात कोणाची चेतना नव्हती. पण त्यानंतर तिच्याशी आपण कसे वागतो, ते मात्र आपले कर्म आहे, आणि त्याचा हिशेब याच जन्मी द्यायचा आहे.