टाकलेली पाने

पत्त्यांच्या डावातून नीतीचा विचार काढावा, हे काही वाचकांना रुचणार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. महाभारतातील द्यूतसभा तर आपण सारेच जाणतो. असा वारसा असलेल्या समाजाने जुगाराकडे संशयाने पाहावे, हे योग्यच होय. पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला, तोही उगाच नव्हे. तथापि दिवाळीच्या सुटीत नातवाने मला चिंचोके लावून ‘ओमाहा’ हा पोकरचा अमेरिकेत रुळलेला प्रकार शिकविला, आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. आपण जे सोडून दिले, त्याचा न्याय कसा करावा?

या खेळात प्रत्येकाला चार पाने मिळतात. मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पाने उघडी मांडली जातात. अखेरीस हातातील नेमकी दोन आणि मांडलेल्यांतील तीन घेऊन पाच पानांचा डाव जुळवायचा. ५२ पानांतून चार पाने २,७०,७२५ प्रकारे येऊ शकतात आणि प्रत्येक चौकडीत दोन-दोनच्या सहा जोड्या असतात. त्यामुळे हातात काहीतरी आहे, असे जवळजवळ प्रत्येक वेळी वाटते. खरा मोह हाच.

नवख्याला चार एक्के आले तर तो हरखून जातो. परंतु त्यांतले दोनच वापरता येतात, आणि उरलेले दोन हातातच अडकल्यामुळे मध्ये तिसरा एक्का येण्याची आशाच संपते. चारही पाने बदामाची असली तरी तेच. कलर व्हायला मध्ये तीन बदाम यावे लागतात आणि बाहेर नऊच उरलेले असतात. राजा, राणी, गुलाम यांच्याबरोबर दुर्री आली, तर सहापैकी तीन जोड्या दुबळ्या होतात. जाणता खेळाडू पानांचा मोठेपणा पाहत नाही. चारही पाने एकमेकांना धरून आहेत का, हे पाहतो. नसतील तर खाली ठेवतो.

एकदा राजा, नव्वी, पंजी आणि दुर्री अशी चार रंगांची पाने मी टाकली. पुढे मध्ये एक राजा आणि दोन नव्व्या उतरल्या. खेळलो असतो तर चिंचोक्यांचा ढीग माझाच होता. मी हळहळलो. नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही बरोबरच टाकलीत. नंतर काय उघडलं, ते तेव्हा कुठं माहीत होतं?”

हे वाक्य मला तीस वर्षे मागे घेऊन गेले. तेव्हा दिल्लीतील प्रतिनियुक्तीची संधी आली होती. आई अंथरुणाला खिळलेली. दुखणे काही वर्षे चालेल, असे डॉक्टरांचे मत होते. मी नकार दिला. माझ्या जागी गेलेले सहकारी पुढे बरेच वर चढले; आई आठ महिन्यांतच गेली. त्यानंतर कित्येकदा मी त्या निर्णयाला मूर्खपणा म्हटले आहे. हा न्याय मी नंतर उघडलेल्या पानांवरून करीत होतो. निर्णयाची परीक्षा त्या घटकेच्या माहितीवर व्हावी, फळावर नव्हे, हे कचेरीत इतरांच्या फायली तपासताना मी पाळले; स्वतःच्या बाबतीत मात्र विसरलो.

पण खेळाची शिकवण इथेच थांबते. दुबळी पाने टाकणे हा तिथे शहाणपणा. कारण पानांची किंमत जिंकण्यापुरतीच असते आणि टाकलेल्या पानाला दुःख नसते. त्याच नियमाने मी आईला सोडून दिल्लीला जायला हवे होते. जिंकता येणार नाही हे ठाऊक असूनही जी पाने हाती धरून बसावे लागते, ती या खेळाच्या हिशेबात येत नाहीत. कोणती पाने टाकावीत हे तो शिकवील. कोणती पाने आपल्या टाकण्याची नव्हेतच, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

त्या रात्री नातू चिंचोके डब्यात भरून झोपी गेला. तीस वर्षांनंतर मी तो नकार प्रथमच, हळहळ न करता, आठवून पाहिला.