विंचवाच्या गाडीसाठी मागणं

हे महागणपती, रांजणगावच्या स्वामी,

तुझ्या दारात मोठमोठी मागणी येतात. त्रिपुरासुराशी लढायला निघालेल्या महादेवानेही आधी इथे तुला विनवलं, अशी तुझ्या स्थानाची कथा आहे. मग माणसांचं काय? लेकीचं लग्न, दवाखान्यात पडलेलं माणूस, कोर्टाची तारीख. आमच्या बीडकडची माणसं तर आधी पाऊस मागतात, मग काही राहिलं असेल तर ते. माझ्याही मागण्यात पाऊस आहेच. मांजरा धरण भरू दे, धनेगावला दरवाजे उघडायची वेळ येऊ दे, हे मी दरसाल मागतो. पण आज मला एका गाडीबद्दल बोलायचं आहे, आणि मोकळेपणाने बोलायचं आहे, कारण ती तुझ्या गावची आहे.

पुणे-नगर रस्त्यावर तुझं देऊळ, आणि तिथून जवळच एमआयडीसीतला फियाटचा कारखाना. २०१५ च्या ऑक्टोबरात तिथली अबार्थ पुंटो बाजारात आली. दिसायला पाच दारांची घरगुती गाडी. आत १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारी चाकांना डिस्क ब्रेक, आणि साध्या पुंटोपेक्षा जमिनीच्या जवळ बसलेला बांधा. शून्यापासून शंभरचा वेग ८.८ सेकंदांत, असं कंपनी सांगायची. दिल्लीत शोरूमची किंमत ९ लाख ९५ हजार होती. तेव्हा तेवढे पैसे माझ्याजवळ नव्हते. पुढे कुणीतरी जिवापाड सांभाळलेली एक पांढरी गाडी, अंगावर लाल पट्टा असलेली, माझ्या नशिबात आली. तिला मी रांजणगाव, नगर, आष्टी, जामखेड, पाटोदा, मांजरसुंबा असं करत केजला आणलं. त्याआधी तुझ्या देवळाबाहेर उभी केली होती. पुजाऱ्याने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि शेजारच्या अबार्थच्या चिन्हातला विंचू बघून क्षणभर थांबला. मग विंचवालाही हळदकुंकू वाहिलं. त्या हातांना सुखात ठेव.

देवा, त्या कारखान्यात जिने तिची दारं बसवली, ज्याने तिचे बोल्ट आवळले, त्यांची नावं मला कधी कळणार नाहीत. तुला माहीत आहेत. दार लावताना जो भरीव, खोल आवाज येतो तो त्यांच्या हातचा आहे. दुकान उघडायला निघताना तो आवाज ऐकला की माझा दिवस नीट सुरू होतो. त्यांच्या घरी बरकत दे.

लहान लहान गोष्टींसाठी तुझे आभार मानायचे आहेत. मोठ्या गोष्टींचे आभार लोक मानतातच.

मार्गशीर्षातल्या थंडीत पहिल्यांदा किल्ली फिरवली की इंजिन जरा घशातून बोलतं, मग हळूहळू त्याचा आवाज मऊ होतो, त्याबद्दल आभार. तेल गरम होईपर्यंत तिला पळवायचं नसतं, म्हणून कळंब रोडपर्यंत मी सायकलवाल्यांच्या मागे निवांत चालवतो. त्या चार मिनिटांत कोणाच्या दारात रांगोळी आहे, कोणाची म्हैस व्याली, चहाच्या टपरीवर आज कोण कोण बसलंय, सगळं दिसतं. दुसऱ्या गाडीत असतो तर गाव माझ्या काचेबाहेरून नुसतं सरकून गेलं असतं.

तिच्या स्टीअरिंगबद्दल आभार. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगला विजेची मदत असते, हिच्यात तेलाच्या दाबाची आहे. त्यामुळे ते थोडं जड आहे, पण रस्ता हाताला कळतो. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेलं डांबर वर्षा-दोन वर्षांत लाटा घेतं. ती प्रत्येक लाट माझ्या तळहातात येते. कुठे माती नवी भरलीय, कुठे मोरीच्या अलीकडे रस्ता बसलाय, हे मी डोळे न वळवता सांगू शकतो. ज्या मातीवर आमचं सोयाबीन आणि कापूस उभा राहतो, तिचा स्वभाव मला शेतात जेवढा कळला नाही तेवढा या स्टीअरिंगवर कळला.

आणि टर्बोबद्दल. हे तुला कसं सांगू? इंजिनाच्या दोन हजार फेऱ्यांखाली ती सुस्त असते. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तर नुसती ऐकून घेते. मग एकदम कुठूनतरी बारीक शीळ येते, पाठ सीटला टेकते आणि समोरचा रस्ता जवळ येऊ लागतो. लोकांना ही तिची खोड वाटते. मला ती थांबण्याची वेळ फार आवडते. नवीन गाड्यांनी ती जवळजवळ पुसून टाकली. दाबलं की लगेच मिळतं. हिच्याकडे मागावं लागतं, क्षणभर थांबावं लागतं, आणि मग ती देते. तुझ्या भक्तांना याची सवय आहे.

आईबद्दल आभार. गाडीची सीट खाली आहे, तिचे गुडघे दुखतात, बसताना दाराला धरून "आई गं" म्हणते. पण एकदा बसली की काच खाली घेऊन अंबाजोगाईपर्यंत वारा खाते. योगेश्वरीचं दर्शन, येताना मुकुंदराजांची समाधी, असा तिचा ठरलेला क्रम आहे. एखाद्या मोकळ्या सरळ पट्ट्यावर हळूच म्हणते, "घे बरं जरा." मी घेतो. ती पदर सावरत पुढे बघत राहते. तिच्या तोंडावर त्या वेळी जे असतं, ते मी तिच्या सगळ्या कष्टाच्या वर्षांत फार कमी वेळा पाहिलंय.

दिवाळीच्या आसपास बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं घेऊन येतो तेव्हा मागच्या सीटवर पाट्या ठेवतो. दोन दिवस गाडीत तो गोड, पिकता वास राहतो. रबर, पेट्रोल आणि सीताफळ, हा वास फक्त याच गाडीला आहे. दसऱ्याला झेंडूची माळ, शनिवारी लिंबू-मिरची, पावसाळ्यात लिंबाच्या झाडाखाली उभी राहून अंगावर चिकटलेली बारीक पानं. उभी करून दहा पावलं गेल्यावर मागे वळून बघणं. हे रोजचं आहे आणि रोज मला पुरतं.

सगळ्यात जास्त आभार त्या मिनिटाबद्दल, देवा. धारूरच्या घाटातून मनासारखं चालवून आलो की इंजिन लगेच बंद करायचं नसतं. टर्बोचं चक्र प्रचंड वेगाने फिरलेलं असतं, तापलेलं असतं. एकदम बंद केलं तर तेल जागीच थांबतं आणि जळतं. म्हणून गाडी उभी करून मिनिटभर तशीच चालू ठेवायची. तेवढा वेळ दुसरं काही करता येत नाही. फोन मी काढत नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतो. पंखा फिरतो, बंद होतो. माझंही आतलं काहीतरी हळूहळू निवत जातं. दुकानातली उधारी, भावकीतला वाद, सगळं त्या मिनिटात खाली बसतं. तुझं नाव मी देव्हाऱ्यासमोर घेतो, पण खरं सांगतो, सर्वांत एकाग्र मनाने घेतो ते इथेच.

आता मागणं.

तिच्या बॉनेटवर विंचू आहे. आमच्याकडे विंचू म्हणजे चिन्ह नाही. काढणीला धसकटात हात घालताना, दगड उचलताना, पायताणात पाय सरकवताना ज्याची भीती असते तो. शेतातल्या आयाबाया गाडीकडे बोट दाखवून म्हणतात, "अगं बया, इंचू!" आणि लेकरं नख्या मोजतात. ज्या माणसाने हा विंचू गाडीवर बसवला तो कार्लो अबार्थ १९०८ च्या नोव्हेंबरात व्हिएन्नात जन्मला, त्याची रास वृश्चिक. १९४९ साली त्याने इटलीत आपली कंपनी काढली. तो लहान, गरीब घरच्या फियाट गाड्या घ्यायचा, त्यांचे सायलेन्सर बदलायचा, इंजिनं सुधारायचा आणि त्या मोठ्यांच्या शर्यतीत उतरवायचा. पन्नाशी उलटल्यावर, १९६५ साली, विक्रम करायच्या गाडीत मावावं म्हणून त्याने सफरचंदांवर राहून तीस किलो वजन उतरवलं आणि विक्रम केला. तू स्वतः उंदीर वाहन घेतलंस, लहानाच्या अंगात काय असतं ते तुला सांगायला नको. त्या परक्या देशातल्या माणसालाही तुझ्या पायाशी जागा दे.

पण आमच्या नाथांनीही विंचवावर भारूड रचलं आहे, आणि त्यांचा विंचू काम-क्रोधाचा. त्याचीच मला भीती वाटते, देवा. विंचू बॉनेटवर राहू दे, माझ्या डोक्यात चढू देऊ नकोस. मागून कुणी हॉर्न मारला, मोटारसायकलवरच्या पोराने डिवचलं, तर माझा उजवा पाय शांत राहू दे. माझ्या सुखाच्या आवाजाने कोणाचं तान्हं दचकून उठू नये. रस्त्याच्या कडेने घागर घेऊन जाणाऱ्या बाईने मला बघून अंग चोरू नये.

आणि ऊसतोडीच्या दिवसांत मला जास्त सांभाळ. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रकमध्ये बिऱ्हाडं, भांडी, शेळ्या, आणि मध्ये बसलेली पोरं, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कोयता घेऊन जातात. ज्या रस्त्याने मी घाट बघायला जातो त्याच रस्त्याने ती पोट भरायला जातात. माझी गाडी त्यांच्या ट्रकच्या मागे लागते तेव्हा ओव्हरटेक करायची घाई मला होऊ देऊ नकोस. मागे तोंड करून बसलेली पोरं विंचवाकडे बघून हात हलवतात. मी दिवे लुकलुकवतो, ती खिदळतात. एवढंच मी त्यांना देऊ शकतो, हे मला टोचत राहू दे. माझ्या आनंदाला त्यांच्या कष्टाची आठवण असू दे. आनंद टाकून देण्याची बुद्धी मात्र देऊ नकोस, कारण तोही तूच दिलास.

रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या अंधारात चालतात, मागे ना दिवा ना पट्टी. माझ्या डिकीत लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्यांचं बंडल असतं. टपरीवर कुणी भेटलं की विचारून लावून देतो. त्या पट्ट्या धुळीने झाकल्या जाऊ देऊ नकोस. गडी आणि बैल दोघांना घरी पोचव.

तिच्या आयुष्याबद्दल मागतो. २०१९ पर्यंत पुंटो आणि लिनिया दोन्ही बाजारातून गेल्या. माझ्या आजोबांच्या पिढीने फियाट म्हणून कुर्ल्याची पद्मिनी ओळखली. बहुधा आमच्यानंतर इथे ते नाव फारसं कुणी घेणार नाही. सुटे भाग मिळवायचे तर पुण्या-मुंबईपर्यंत फोन फिरवावे लागतात. ज्यांच्याजवळ हीच गाडी आहे अशी माणसं एकमेकांना शोधून काढतात, एकाजवळचं सस्पेन्शनचं बुश दुसऱ्याला कुरिअरने पाठवतात, पैसे नंतर दे म्हणतात. महामार्गावर समोरून तशीच गाडी आली तर अनोळखी माणूस हात वर करतो. या भाऊबंदकीला उदंड आयुष्य दे. माझ्या मिस्त्रीच्या नजरेला धार राहू दे. त्याने संगणकाची वायर न जोडता नुसता कान लावून टर्बोच्या नळीतली गळती ओळखली आहे. ही विद्या तो आता आपल्या पोराला देतोय. पोराचं मन त्यात रमू दे.

आणि तिची वेळ संपेल तेव्हा मला तेवढंच कळू दे. हट्टाने तिला ओढत ठेवायची वेळ आणू नकोस.

शेवटचं एक. धाकट्या भावाची लेक आता अठराची झाली. तिचं लर्निंग लायसन आलंय. घरातली दुसरी गाडी सोपी आहे, सगळे म्हणतात तिच्यावर शिक. ती म्हणते, "काका, मला विंचवाचीच शिकायची." क्लच जड आहे, सीट तिला पुढे ओढावी लागते, पहिल्या दिवशी अंगणातच दोन-चारदा बंद पडली. ती रडली नाही, मला म्हणाली, "थांबा, कळतंय मला." रविवारी सकाळी धारूर रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर तिला पहिल्यांदा तिसऱ्या गिअरपर्यंत नेणार आहे. महागणपती, रस्त्यात कुत्रं, शेळी, पोर काही येऊ देऊ नकोस. तिचे हात सैल राहू देत. शीळ वाजून टर्बो लागेल तेव्हा ती घाबरू नये, आणि ती मोठ्याने हसली तर "हळू" हा शब्द माझ्या तोंडून लगेच बाहेर पडू देऊ नकोस.