देवळाचं दार आणि देशाचं दार

गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या गणेशोत्सवातली गोष्ट. आरती आटोपली होती, महाप्रसादाची रांग लागली होती आणि मी मसालेभाताच्या पातेल्यामागे डाव घेऊन उभा होतो. रांगेतले एक गृहस्थ ताट पुढे करता करता हळूच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मोकळे झालात की जरा बाजूला येता का? पायाचं दाखवायचं होतं."

देवळात डॉक्टर दिसला की कुणाला ब्लड प्रेशरची गोळी आठवते, कुणाला गुडघा. त्याची मला सवय आहे. पण चपलांच्या रॅकपाशी त्यांनी मोजा काढला आणि मी गप्पच झालो. पायाचं एक बोट काळं पडलं होतं. मधुमेह बारा वर्षांचा, जखम सहा आठवड्यांची.

"अहो, इतके दिवस काय करत होतात?" मी जरा रागावूनच विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "माझे कागद नाहीत, डॉक्टर. जानेवारीपासून हॉस्पिटलातसुद्धा धरतात म्हणे. देवळात येणंही सोडलं होतं. बाप्पा बसले, मग राहवलं नाही."

गृहस्थ सांगलीकडचे. मी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, म्हणजे आम्ही एकाच पाण्यावर वाढलेले. बऱ्याच वर्षांपूर्वी ते व्हिजिटर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहून गेले. एका दुकानाच्या स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी गावाकडे दोन मुलींची शिक्षणं केली. त्याच रात्री मी त्यांना इमर्जन्सीत घेऊन गेलो. तिथे आलेल्या माणसाला पैसे किंवा पासपोर्ट न पाहता तपासलंच पाहिजे, त्याची प्रकृती स्थिर केलीच पाहिजे, असा १९८६ पासून या देशाचा कायदा आहे. बोट गेलं, पाय वाचला.

पण मंडळी, ही गोष्ट मी माझ्या परोपकाराची म्हणून सांगत नाही. उलट, माझ्या एका चुकीची म्हणून सांगतो आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या कमिटीच्या बैठकीत एका तरुण सभासद मुलीने सुचवलं होतं, की इमिग्रेशनच्या एखाद्या वकिलांना बोलावून माहितीचा कार्यक्रम ठेवूया, आणि कोणी अधिकारी दारात आले तर स्वयंसेवकांनी काय करायचं तेही लिहून ठेवूया. सर्वांत आधी विरोध केला तो मी! "आपलं देऊळ पूजेसाठी आहे. नसतं राजकारण कशाला? आणि आपल्यात असे लोक आहेत तरी किती?" असं मी म्हणालो. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला. चपलांच्या रॅकपाशी त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. निदान एक तरी होता, आणि तो रांगेत ताट घेऊन माझ्यासमोरच उभा होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. बेकायदा स्थलांतरासारख्या देशाच्या वादात धर्मसंस्थेने पडावं का? आणि पडलीच, तर कोणत्या अधिकाराने?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. पिस्कॅटवेहून रिव्हर रोडने निघालं की थोड्याच वेळात हायलंड पार्क लागतं. तिथल्या रिफॉर्म्ड चर्चची हकिगत आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा वर्तमानपत्रात वाचली असेल. १९९८ च्या सुमारास इंडोनेशियातल्या दंगलींना भिऊन तिथले बरेच ख्रिस्ती लोक न्यू जर्सीत आले. व्हिसाच्या मुदती संपल्या तरी ते राहिले. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर काही देशांच्या पुरुषांना खास नोंदणी करायला सांगण्यात आलं, तेव्हा यांनी इमानाने नावं नोंदवली. पुढे त्याच नोंदींवरून त्यांना परत पाठवण्याच्या हालचाली सुरू झाल्या. २०१२ साली या चर्चचे पाद्री सेथ केपर-डेल यांनी त्यांच्यापैकी काहीजणांना चर्चच्या इमारतीतच राहायला जागा दिली. एक वेळ अशी आली, की नऊजण तिथे मुक्कामाला होते. २०१३ च्या फेब्रुवारीत सरकारकडून तात्पुरती स्थगिती मिळाली, तेव्हा ते घरी गेले. २०१८ च्या जानेवारीत मुलांना शाळेत सोडायला निघालेल्या दोन इंडोनेशियन बापांना पकडण्यात आलं, आणि त्या चर्चने पुन्हा दार उघडलं. खुद्द गव्हर्नर मर्फी तिथे जाऊन आले. त्यानंतर लवकरच फेडरल न्यायालयाने या लोकांच्या हद्दपारीला स्थगिती दिली.

ही परंपरा जुनी आहे. १९८२ च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या टुसान गावी पाद्री जॉन फाइफ यांच्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालाहून जीव घेऊन पळालेल्यांना उघडपणे आसरा जाहीर केला. पुढे देशभरची शेकडो चर्च आणि सिनेगॉग त्यात सामील झाली. सरकारने खटले भरले, आणि १९८६ साली फाइफ यांच्यासह आठजण दोषी ठरले. २००५ च्या डिसेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाने कागद नसलेल्यांना मदत करणाऱ्यांनाही गोत्यात आणू शकेल असं एक कडक विधेयक मंजूर केलं. तेव्हा लॉस एंजेलिसचे कार्डिनल रॉजर माहनी यांनी असा कायदा झालाच तर आपल्या धर्मगुरूंना तो न पाळण्यास सांगू, असं जाहीर केलं. २००६ च्या वसंतात लाखो लोक रस्त्यावर आले आणि ते विधेयक पुढे सरकलं नाही.

अर्थात सगळे धर्मस्थ एका बाजूला आहेत असं मुळीच नाही. २०१८ साली ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी राज्याची आज्ञा पाळावी या अर्थाच्या बायबलमधल्याच वचनाचा आधार सरकारी धोरणाला दिला. २०२५ च्या आरंभी उपाध्यक्ष व्हान्स यांनी आधी आपलं कुटुंब, मग शेजारी, मग देश आणि शेवटी जग, असा प्रेमाचा क्रम ख्रिस्ती परंपरेतून मांडला. त्यानंतर काही दिवसांतच पोप फ्रान्सिस यांनी अमेरिकन बिशपांना पत्र लिहून वेगळा अर्थ सांगितला. म्हणजे धर्मग्रंथ एकच, आणि त्याच्या आधाराने वाद दोन्हीकडून!

२०२५ च्या २० जानेवारीला आणखी एक गोष्ट घडली. शाळा, रुग्णालयं आणि प्रार्थनास्थळं इथे शक्यतो धरपकड करू नये, अशी २०११ पासूनची सूचना सरकारने मागे घेतली. त्या गृहस्थांच्या पायाचं दुखणं घरी राहिलं ते या भीतीने. क्वेकर पंथाच्या संस्था त्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. मेरीलँडच्या फेडरल न्यायाधीशांनी फेब्रुवारीत त्यांना अंतरिम संरक्षण दिलं, मात्र फक्त दावा लावणाऱ्या संस्थांपुरतं. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने सत्तावीस ख्रिस्ती आणि ज्यू संस्थांच्या तशाच दाव्यात संरक्षण नाकारलं. मेरीलँडच्या यादीत सॅक्रामेंटोचा एक गुरुद्वारा आहे. देऊळ नाही.

आपण गप्प का राहतो? एक कारण प्रामाणिक आहे. आपली देवळं चर्चसारखी नाहीत. चर्चला पॅरिश असतो, पगारी पाद्री असतो, आजारी सभासदाच्या घरी जाणं हे त्याचं काम असतं. आपलं देऊळ शनिवार-रविवार राबणाऱ्या स्वयंसेवकांनी उभं केलेलं. आपले गुरुजीसुद्धा बहुधा धार्मिक कामाच्या व्हिसावर, म्हणजे जास्तीत जास्त पाच वर्षांच्या बोलीवर आलेले. वादात पडायला कुणाला धीर होणार? "करमाफी जाईल" ही भीती मात्र निम्मीच खरी आहे. १९५४ साली करकायद्यात आलेली ती अट उमेदवाराच्या प्रचाराबद्दल आहे, एखाद्या प्रश्नावर मत मांडण्याबद्दल नाही.

दुसरं कारण आपण मोठ्याने बोलत नाही. ते मी माझ्यावरूनच सांगतो. मी जे-१ व्हिसावर रेसिडेन्सीला आलो. ती संपल्यावर दोन वर्षं मायदेशी जायचं, नाहीतर डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, असा नियम होता. मी ती तीन वर्षं काढली. वडील गेले तेव्हा कागद अडकलेले होते. अंत्यदर्शन मिळालं नाही. माझ्यासारख्यांना वाटतं, "आम्ही रांगेत उभे राहिलो, मग यांनी का नाही?" हा राग खोटा नाही. दरवर्षी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त ग्रीन कार्डं नाहीत या नियमामुळे आपली किती मुलं-मुली एच-१ वर वर्षानुवर्षं ताटकळत आहेत, हे घराघरात माहीत आहे.

पण या रागाबरोबर एक समजूतही असते, की बेकायदा म्हणजे दुसरे कोणीतरी. प्यू संशोधन केंद्राच्या अंदाजानुसार २०२२ साली कागद नसलेले सुमारे सव्वासात लाख भारतीय इथे होते. गृहसुरक्षा खात्याचा त्याच वर्षाचा अंदाज दोन लाख वीस हजारांचा. कमी आकडा धरला तरी तो लहान नाही. त्याच वर्षी जानेवारीत गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चारजणांचं कुटुंब कॅनडाच्या सीमेवर बर्फात गोठून गेलं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ जणांत तिघे महाराष्ट्राचे होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्या शनिवारी आमच्या देवळात नेहमीप्रमाणे आरती झाली. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही.

लहानपणी आजीने सांगितलेली शिबी राजाची गोष्ट मला या निमित्ताने नव्याने कळली. आपण त्यातलं कबुतर लक्षात ठेवतो आणि ससाण्याला विसरतो. ससाणा दुष्ट नाही. तो म्हणतो, हे माझं न्याय्य अन्न आहे. तू दया दाखवशील, पण उपाशी मी राहीन. राजा त्याला हाकलत नाही. तुझं म्हणणं खोटं आहे, असंही म्हणत नाही. तो तराजू मागवतो आणि दुसऱ्या कुणाचं नव्हे, स्वतःच्या मांडीचं मांस पारड्यात घालतो. शेवटी स्वतःच पारड्यात बसतो.

रांगेत उभा असलेला एच-१ वाला, कमी मजुरीची स्पर्धा सोसणारा अमेरिकन कामगार, आपला कायदा पाळला जावा म्हणणारा नागरिक, हे सगळे ससाण्याच्या बाजूचे आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. दयेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर टाकणाऱ्या धर्मसंस्थेला बोलण्याचा अधिकार नाही. पण जी स्वतःच्या पारड्यात काही टाकते, तिचं बोलणं वजनाने उतरतं. टुसानच्या लोकांनी शिक्षेचा धोका पत्करला. हायलंड पार्कच्या चर्चने आपल्या खोल्या दिल्या, जेवणं रांधली, महिनोन् महिने गैरसोय सोसली. गव्हर्नर तिथे गेले ते प्रवचन ऐकायला नव्हे. माझ्या मते धर्मसंस्थेचा सार्वजनिक अधिकार तिच्या ग्रंथातून येत नाही, तिने स्वतः काय सोसलं त्यातून येतो. आपण पारड्यात काहीच टाकलेलं नाही, म्हणून आपल्या मौनालाही वजन नाही आणि बोललो असतो तर त्यालाही नसतं.

मग देवळाने काय करावं? सीमेवर किती पहारा असावा, कोणाला किती व्हिसे द्यावेत, हे देवळाने ठरवू नये. त्यावर आपल्यातच दहा मतं आहेत आणि ती असू द्यावीत. चोरून कुणाला लपवणं हा गुन्हा आहे, त्या वाटेला जा असंही मी म्हणत नाही. पण बिभीषण शरण आला तेव्हा सुग्रीवाने शंका घेतली, मारुतीने बाजू मांडली, रामाने सगळ्यांचं ऐकलं आणि मगच निर्णय दिला. निदान तेवढी चर्चा तरी आपल्या सभामंडपात व्हायला हवी. मी ती फेब्रुवारीत दोन मिनिटांत संपवली होती.

ऑक्टोबरच्या बैठकीत मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतलं. त्या मुलीची मी सर्वांसमोर क्षमा मागितली. वकीलबाई येऊन गेल्या. देवळाची सर्वांना खुली जागा कोणती आणि खाजगी कोणती, न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणि खात्याच्या कागदात फरक काय, हे स्वयंसेवकांना समजावून गेल्या. महिन्यातून एका रविवारी आम्ही तीन डॉक्टर तळघरातल्या वर्गात बसतो. साखर पाहतो, रक्तदाब पाहतो, पाय पाहतो. नाव विचारतो, कागद विचारत नाही. दोन सभासदांनी या कारणावरून देणगी थांबवली. त्यांच्याशी माझं बोलणं चालू आहे, कारण त्यांचं म्हणणं मला कळतं. परवापरवापर्यंत ते माझंच होतं.

ते गृहस्थ अजून इथेच आहेत. किती दिवस, ते त्यांनाही ठाऊक नाही. उद्या त्यांना परत जावं लागलं, तर कायद्याने ते चूक आहे असं मला म्हणता येणार नाही. पण आपल्या देवळाच्या रांगेत उभा असलेला माणूस भीतीने पाय कुजवत होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे मात्र चूक होतं. ती चूक देशाची नव्हती, आपली होती.

यंदाही महाप्रसादाला डाव माझ्याच हातात असेल. पातेल्यामागून ताटाबरोबर माणसाच्या तोंडाकडेही नीट बघायची बुद्धी दे, एवढंच गणरायापाशी मागणं. मंगलमूर्ती मोरया!