रिकाम्या रस्त्यावरची गाडी

माझ्याकडे अमेरिकन ‘मसल कार’चा एक सचित्र इतिहास आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळाला, तेव्हापासून आमच्या वारज्याच्या घरात तो टीपॉयवरच पडलेला असतो. लांबलचक बॉनेट, चकचकीत क्रोम, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एका ओघात गेलेली रेषा. पानं उलटताना आजही मन हरखतं.

गेल्या महिन्यात भाचा आला तो मोटारसायकलवरून. सायलेन्सर बदललेला, त्यामुळे तो येतोय हे सगळ्या सोसायटीला आधी कळलं. मी त्याला चार शब्द सुनावले. शांतपणे ऐकून घेतलं त्यानं, मग टीपॉयकडे बोट दाखवून म्हणाला, “मामा, हे पुस्तक तू कशासाठी ठेवलंयस?”

उत्तर सुचलं नाही. तो गेल्यावर पुस्तक पुन्हा पाहिलं आणि आजवर न दिसलेली एक गोष्ट दिसली. बहुतेक चित्रांत गाडी एकटीच आहे. रस्ता आहे, पण त्यावर दुसरं वाहन नाही, पायी चालणारं कुणी नाही. आमच्या गॅलरीतून महामार्ग दिसतो. त्याच्या सर्व्हिस रोडवर उलट्या दिशेनं येणाऱ्या दुचाकी, शाळेच्या रिक्षा, हातगाड्या, रस्ता ओलांडायला थबकलेल्या आज्या असं सगळं असतं. असा रस्ता त्या पुस्तकात कुठेच नाही.

या गाड्यांची सुरुवात साधारणपणे १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून मानतात. पॉन्टिॲक ही जनरल मोटर्सची शाखा होती. ही कंपनी आपल्याला परकी नव्हती, १९२८पासून १९५४पर्यंत मुंबईत शिवडीला तिच्या गाड्यांची जुळणी होत असे. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही, असा कंपनीचा अंतर्गत नियम होता. जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटरचं इंजिन त्यांनी नव्या मॉडेलमध्ये न देता ‘टेम्पेस्ट’ या चालू मॉडेलवरचा जादा पर्याय म्हणून दिलं. त्या काळात कुर्ल्याला तयार होणाऱ्या फियाटचं इंजिन अकराशे सीसीच्या आतलं होतं. नियमाचं अक्षर पाळलं गेलं. त्याचा हेतू मात्र बाजूला पडला.

आणखी एक तपशील मला जास्त छळतो. या पहिल्या जीटीओला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक मिळाले ते १९६७मध्ये, तेही जादा पैसे मोजणाऱ्याला. पळण्याची ताकद आधी आली, थांबण्याची तीन वर्षांनी. चित्रात यातलं काही दिसत नाही. गाडी उभी असते, आणि उभ्या गाडीला ब्रेक लागत नाही.

मग अशी वस्तू आवडणं हाच दोष का? माझा एक बचाव आहे. राजा केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रं पाहताना आपण मुठीवरचं काम निरखतो, पात्याची वळणदार धार वाखाणतो. ती कुणावर चालली असेल हे मनात येतं आणि जातं. तिथे आपल्याला कुणी क्रूर म्हणत नाही. मग गाडीच्या चित्रानंच काय घोडं मारलंय?

पण या बचावाला एक भोक आहे. काचेमागच्या तलवारीनं आता कुणी लढत नाही, तिची गोष्ट संपलेली आहे. गाडीची संपलेली नाही. पहिली जीटीओ १९७४पर्यंत टिकली. तरुण चालकांसाठी वाढलेले विम्याचे हप्ते, धुरावरचे कायदे आणि १९७३ची तेलटंचाई यांनी या गाड्या मागे सारल्या. वेगाची हौस कुणी सोडली नव्हती, ती फक्त महाग झाली होती. खिशाला परवडू लागताच ती परतली. २०१६मध्ये फोर्डची मस्टँग भारतातही अधिकृतपणे विकायला आली.

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. पोर्शे काही मसल कार नव्हे, आणि त्या अपघाताला माझ्या टीपॉयवरचं पुस्तक जबाबदार नाही. तरी रस्ता रिकामा आहे आणि तो आपलाच आहे, ही समजूत कुठून तरी मनात रुजते. जाहिरातींतून रुजते, सिनेमांतून रुजते, घरातल्या मोठ्या माणसाच्या कौतुकानं भरलेल्या डोळ्यांतूनही रुजते. त्यात माझे डोळे होते. भाच्याला लहानपणी मांडीवर घेऊन हेच पुस्तक मीच दाखवलं होतं, इंजिनाचा आवाज तोंडानं काढून.

म्हणून पुस्तक फेकावं असं मला वाटत नाही. सुंदर ते सुंदरच राहणार, आणि नजर चोरून कुणी शहाणं होत नाही. पण कौतुक करणाऱ्यावर अर्धवट चित्र पुरं करण्याची जबाबदारी येते. हे इंजिन किती मोठं, हे ज्या तोंडानं सांगितलं, त्याच तोंडानं ब्रेक केव्हा आले हेही सांगायला हवं होतं. मी निम्मंच सांगितलं.

रविवारी भाच्याला जेवायला बोलावलंय. सायलेन्सरचा विषय मी काढणार नाही. पुस्तक उघडून आधी माझी चूक सांगेन, मग ड्रम ब्रेकची गोष्ट. पुढचं त्याचं त्यानं ठरवायचं. तो कोणत्या आवाजात येतो, ते मात्र गॅलरीत उभा राहून ऐकणार आहे.