कर्सरचा आकार कोणी ठरवायचा?

विम हा टेक्स्ट एडिटर उघडून लिहायला बसावं आणि अक्षरं उमटण्याऐवजी आहे तोच मजकूर खोडला जावा, हा अनुभव नवशिक्यांना हमखास येतो. तिथे एकाच कळीला दोन कामं असतात. इन्सर्ट म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये एक्स दाबलं की एक्स उमटतं, नॉर्मल म्हणजे आज्ञांच्या मोडमध्ये कर्सरखालचं अक्षर जातं. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कलीत लिहिलेल्या व्हीआय या एडिटरपासून ही रीत चालत आली आहे. मोडचं नाव विम खालच्या कोपऱ्यात दाखवतो. पण लिहिणाऱ्याची नजर कोपऱ्यात नसते, कर्सरवर असते.

विमवरूनच निघालेल्या निओव्हिम या एडिटरने हे ओळखून खूण कर्सरलाच दिली. नॉर्मल मोडमध्ये भरीव चौकोन, इन्सर्टमध्ये पाव अक्षराएवढ्या रुंदीची उभी पट्टी, रिप्लेसमध्ये तळाशी आडवी रेघ. चौकोन एका अक्षरावर बसतो आणि खोडण्याची आज्ञा त्याच अक्षरावर चालते. पट्टी दोन अक्षरांच्या मध्ये उभी राहते आणि नवं अक्षर तिथेच शिरतं. म्हणून कर्सर बदलून घेणं ही नुसती हौस नव्हे. देवनागरीत मात्र हे पुरतं जमत नाही. हे एडिटर ज्यात चालतात त्या टर्मिनलचा पडदा समान घरांत विभागलेला असतो आणि जोडाक्षरं, वेलांट्या त्या घरांत नीट मावत नाहीत. त्यामुळे चौकोन नेमका कशावर बसला आहे, हे मराठी ओळीत पुष्कळदा कळत नाही.

टर्मिनलला कर्सरचा आकार बदलायला सांगण्यासाठी पाच चिन्हं पुरतात: एस्केप, चौकटी कंस, एक अंक, रिकामी जागा आणि क्यू. 2 म्हणजे स्थिर चौकोन, 4 म्हणजे स्थिर अधोरेखा. 1 आणि 3 ही त्यांची लुकलुकणारी रूपं. ही आज्ञा डेक कंपनीच्या टर्मिनलांतून आली आणि 5 व 6 या उभ्या पट्ट्या एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रॅमने जोडल्या. मधली रिकामी जागा द्यायची राहिली, तर कर्सर जसाच्या तसा राहतो.

1978 च्या व्हीटी 100 या डेकच्याच टर्मिनलवर चौकोन हवा की अधोरेखा, हे वापरणारा टर्मिनलच्या सेटअपमध्ये स्वतः ठरवत असे. आता आकार बदलण्याची आज्ञा कोणताही प्रोग्रॅम पाठवू शकतो, आणि पेच तिथेच आहे. शेल, म्हणजे आज्ञा टाइप करायचा प्रोग्रॅम, आणि त्यातून चालणारे प्रोग्रॅम एकच कर्सर वापरतात. एखादा प्रोग्रॅम पट्टी लावून तशीच सोडून गेला, तर शेलमध्येही पट्टीच उरते. शिवाय प्रत्येकाची गरज वेगळी असते. सतत लुकलुकणाऱ्या खुणेमुळे काहींचं मजकुरावरचं लक्ष उडतं. उलट, नजर अधू असलेल्या एखाद्याला कर्सर सापडतो तो लुकलुकण्यामुळे किंवा ठळक रंगामुळेच. अशा लोकांनी विचारपूर्वक केलेली निवड एखाद्या एडिटरने परस्पर पुसावी, हे योग्य नाही.

प्रोग्रॅमने काम चालू असताना आकार जरूर बदलावा, पण जाताना मूळचा परत करावा. त्याची सोयही आहे. अनेक आधुनिक टर्मिनल 0 या अंकाचा अर्थ वापरणाऱ्याने ठरवलेला कर्सर असा घेतात. तरी बाहेर पडताना 2 पाठवून सर्वांवर स्थिर चौकोन लादणाऱ्या एडिटरच्या सेटिंग फायली आढळतात. त्या 2 च्या जागी 0 घातला की पट्टीवाल्याला पट्टी मिळते आणि अधोरेखावाल्याला अधोरेखा.